अनुज्ञेवर लिहिलेली दोन पानं

कॉलेजात मी मराठी विषय घेतला तेव्हा घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं. इंग्रजीत किंवा तर्कशास्त्रात पोरगी नापास होईल अशी धास्ती होती. पण मराठीत कोण नापास होतं? बाबांनी माग थांबवला आणि म्हणाले, "मराठी तं आपन पोटातूनच शिकून येतो." बाबा दिवसाकाठी आठ-दहा वाक्यांपेक्षा जास्त बोलत नसत. त्यामुळे ते जे बोलत ते घरात प्रमाण मानलं जाई.

तांडापेठेत आमचं विणकराचं घर होतं. पुढच्या खोलीत दोन माग, मागे चूल आणि मधल्या बोळात चरखा. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती, नागपूर अजून मध्यप्रदेशची राजधानी होतं, आणि आमच्या गल्लीतून कॉलेजात जाणारी मी पहिलीच मुलगी होते. सकाळी दोन वेण्या घालून, वह्या छातीशी धरून निघाले की बायका दारात येऊन बघत. कोणी वाईट बोलत नसे. पण एवढी चालत जाऊन ही तिथे करते काय, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसे.

त्या वर्षी आम्हाला एक जुनं नाटक नेमलेलं होतं. राजाचं नाटक. राजा राणीवर संशय घेतो, तिला वनात पाठवतो, आणि पाच अंकांनंतर त्याला पश्चात्ताप होतो. गोष्ट एवढीच. पण ती ज्या मराठीत लिहिली होती, ती मराठी आमच्या घरातल्या कोणाच्याही पोटात नव्हती.

पहिल्याच प्रवेशात कंसात लिहिलं होतं, कंचुकी प्रवेश करतो आणि मुजरा करतो. कंचुकी म्हणजे चोळी. गौळणी ऐकत मी वाढले होते, आणि शिवाय कापडाच्या घरातली. चोळीबद्दल मला कोणी शिकवायची गरज नव्हती. चोळी मुजरा कशी करील? छापखान्यात काहीतरी घोटाळा झाला असेल असं समजून मी पान उलटलं. पुढच्या पानावर त्या चोळीने राजाला, प्रधानजी दर्शनार्थ तिष्ठत आहेत, असं सांगितलं. मी पुस्तक मिटलं. दोन दिवसांनी वर्गात कळलं की कंचुकी हा राजवाड्यातला एक म्हातारा सेवक असतो.

अंतःपुराचं तर मी कोणाला सांगितलंसुद्धा नाही. राजा सारखा अंतःपुरास जात असे. नागपूर, रायपूर, तसं अंतःपूर. राजधानीपासून फार लांब नसलेलं एखादं गाव असेल, आणि बाबा सुताच्या कामाला उमरेडला जातात तसा हा जात असेल, असं मी धरून चालले. फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. राजा दोन वाक्यांत तिथून परत यायचा.

पण शब्द ही निम्मीच अडचण होती. वाक्यं इतकी लांब असत की क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर कोण बोलतंय हेच मी विसरून जाई. महाल आणि धंतोलीकडच्या मुली शाळेत संस्कृत शिकून आल्या होत्या. आमच्या नगरपालिकेच्या शाळेत संस्कृत नव्हतं. कॉलेजच्या वाचनालयातला जाडा शब्दकोश घरी न्यायला परवानगी नव्हती, म्हणून मी मधल्या सुट्टीत उभ्याउभ्या शब्द उतरवून घेई. कोशात एका अवघड शब्दाचा अर्थ दुसऱ्या अवघड शब्दात दिलेला असे. मग तो दुसरा शोधायचा. तोवर घंटा होई.

मराठीचे आमचे सर पुण्याकडचे होते. पस्तिशीचे, सडपातळ, धोतर आणि कोट घालून सायकलवरून येणारे. मुलींनाही 'तुम्ही' म्हणत. नाटक वाचताना त्यांचा आवाज असा काही लागे की अर्थ न कळताही मी ऐकत बसे. एकदा त्यांनी मला उठवून राणीचं भाषण वाचायला सांगितलं. मी वाचलं, "हे प्राननाथ." मागच्या बाकांवर खसखस पिकली. सरांनी हात वर करून वर्ग गप्प केला आणि मला म्हणाले, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं, पुन्हा प्राननाथच. आमच्याकडे पाणी 'पानी' असतं आणि कोण 'कोन' असतो. माझ्या जिभेला तो दुसरा ण सापडतच नव्हता. सरांनी मला शांतपणे बसवलं. त्यानंतर वर्गात मी तोंड उघडलं नाही.

दिवाळीआधी सरांनी सगळ्यांना एक निबंध लिहायला सांगितला, 'या नाटकातील स्त्री-पात्रे'. बहुतेकांनी बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शिकेतून उतरवला. माझ्याकडे मार्गदर्शिका नव्हती. मी नाटक पहिल्यापासून पुन्हा वाचलं, पेन्सिलीने खुणा करत, आणि वाचताना मला एक शोध लागला. नाटकात राणी होती, राणीची सखी होती, दासी होत्या. पण आणखी एक स्त्री होती, जिच्याबद्दल वर्गात कोणी काही बोललं नव्हतं. तिचं नाव अनुज्ञा. ती रंगभूमीवर एकदाही येत नव्हती. पण प्रधान जाताना म्हणे, अनुज्ञा असावी. सेनापती म्हणे, दासास अनुज्ञा असावी. सखीसुद्धा म्हणे. ज्याला त्याला अनुज्ञा हवी होती, आणि राजा कोणालाच ती देत नव्हता. नुसता मान हलवत होता.

तिच्यावर मी दोन पानं लिहिली. राणीपेक्षा हिचं दुःख मोठं आहे असं लिहिलं. राणीला निदान रडायला एक अंक मिळतो. हिला सगळे मागतात, पण ती कशी आहे हे विचारत नाहीत. नाटककाराने तिला पडद्याआड ठेवलं यात त्याचं कौशल्य आहे, असंही लिहिलं. लिहिताना माझे डोळे भरून आले होते. जे कोणाला दिसलं नाही ते मला दिसलं, या आनंदात मी वही सरांच्या टेबलावर ठेवून आले.

आता मामाजींबद्दल सांगायला हवं. मामाजी म्हणजे मायचा थोरला भाऊ. साठीला टेकलेले, अंगाने बारीक, पण ताठ. ते आमच्याकडेच राहत आणि बोळात बसून चरख्यावर कांड्या भरत. धोट्यात घालायच्या त्या सुताच्या कांड्या. लग्न केलं नव्हतं. सोळाव्या वर्षी ते घरातून पळून एका फिरत्या नाटक कंपनीत गेले होते आणि अठरा वर्षांनी, बोलपट येऊन कंपनी मोडली तेव्हा परतले, एवढं मला माहीत होतं. त्यापलीकडे घरात या विषयावर बोलायची मनाई होती. आजी वारली तेव्हा मामाजी कंपनीबरोबर दौऱ्यावर होते आणि महिन्याने उगवले. मायने ते कधी माफ केलं नाही. ती त्यांना वेळेवर ताट वाढी, त्यांचे कपडे धुई, आजारपणात उशाशी बसे. पण कोणी नाटकाचं नाव काढलं की भांडी आदळायला लागे. मामाजी बिचारे मान खाली घालून कांडी फिरवत राहत.

एका रविवारी दुपारी माय शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. बाबा आणि मोठा भाऊ बाजारात होते. माग बंद, घर कधी नव्हे ते शांत. मी बोळाच्या तोंडाशी बसून नाटकाचा तिसरा अंक मोठ्याने वाचत होते. मोठ्याने वाचलं तर कदाचित डोक्यात शिरेल या आशेने. राणी रडते आहे आणि सखी तिचं सांत्वन करते आहे. मी अडखळत वाचत होते, "देवी, शोकाचा वेग आवरावा. दैव प्रतिकूल असता..."

"...धैर्य हेच एक अबलांचे आयुध," चरख्यामागून आवाज आला. "आपण निश्चिंत असावे. ही दासी सत्वर जाऊन महाराजांचे मन वळविते. अनुज्ञा असावी."

मी वर पाहिलं. मामाजी चरख्याकडे बघत होते, हात थांबलेले. आवाज त्यांचा होता, पण त्यात एक गोडवा आला होता जो मी कधी ऐकला नव्हता. आणि ण! 'आपण' मधला ण, 'मन' मधला न, दोन्ही वेगवेगळे आणि स्वच्छ. एरवी ते माझ्यासारखेच 'आपन' म्हणत.

मी विचारलं, मामाजी, तुम्हाला हे वाचता येतं? ते हसले. अक्षर त्यांना आजही येत नव्हतं. कंपनीत मालक एकेक वाक्य म्हणत आणि पोरं ते पाठ करत. बारा वर्षं ते या नाटकात सखी झाले होते. त्याआधी दासी, कधी द्वारपाल. पाचही अंक, सगळ्यांची भाषणं, त्यांना पाठ होती. मी त्यांना एकामागून एक शब्दांचे अर्थ विचारायला लागले. त्यांनी हात वर केला.

"अर्थ मले नको विचारू वं. मालकानं अर्थ नाई सांगतला कधी. कोन्त्या शब्दाले काय कराचं, थे सांगतलं."

मग ते उठले. दाराकडे एकदा बघून घेतलं, धोतराचा सोगा पदरासारखा खांद्यावर घेतला आणि मला करून दाखवायला लागले. शोकाचा वेग आवरावा म्हणताना राणीच्या खांद्याला हात लावायचा नाही, फक्त जवळ न्यायचा, कारण ती राणी आहे. दैव म्हणताना डोळे वर. सत्वर म्हणताना टाच उचललेली, म्हणजे बाई निघाल्याच हे मागच्या रांगेतल्या माणसाला कळावं. मी पुस्तकात बोट ठेवून बघत होते, आणि जी ओळ पंधरा दिवस माझ्यासमोर दगडासारखी पडून होती, ती हलायला लागली. सत्वर म्हणजे लगेच. कोश न बघता मला कळलं.

"आन् मंग," ते म्हणाले, "अनुज्ञा असावी." त्यांनी हात जोडले, मान लववली आणि माझ्याकडे तोंड ठेवून तीन पावलं मागे मागे गेले. भिंतीला टेकले. "राजाले, रानीले पाठ नाई दाखवाची. त्यायनं मान हालवली का मंग जायाचं. मान नाई हालवली तं तथीच उभं राहाचं. एकडाव आमचा राजा डुलकी घेऊन राहिला होता, तं मी उभाच."

त्यांना त्या आठवणीचं हसू येत होतं. मी मात्र भराभर मागची पानं उलटली. जाऊ का, एवढंच ती सगळी विचारत होती. प्रधान, सेनापती, सखी, सगळी. अनुज्ञा नावाची कोणी बाई नव्हती. आणि त्या नसलेल्या बाईच्या दुःखाची दोन पानं सरांच्या टेबलावर होती.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या तासाआधी सरांच्या खोलीच्या दाराशी उभी राहिले. मी ठरवून गेले होते की वहीत दोन चुका राहिल्यात, तेवढ्या दुरुस्त करून देते, असं म्हणायचं. सर आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांनी निबंध वाचलाय हे मला त्यांच्या तोंडावरूनच कळलं. दोन चुकांचं वाक्य मी सोडून दिलं. शेवटी मी एवढंच म्हणाले, "सर, ती बाई नाहीये."

सर खुर्चीवर बसले. हसू दाबायचा त्यांनी प्रयत्न केला, मग चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, "मला तुमची क्षमा मागायची आहे. काल मी हा निबंध घरी मोठ्याने वाचला आणि आम्ही दोघं नवरा-बायको पोट धरून हसलो. पण मग माझी बायको म्हणाली, या मुलीने नाटक वाचलंय हो. तिचं खरं आहे. पस्तीस वह्यांमध्ये नाटक वाचलेली ही एकच."

त्यांनी वही परत दिली. गुण दिलेले नव्हते. सावकाश पुन्हा लिहून आणा, म्हणाले. मग विचारलं की चूक कोणी दाखवली. मी मामाजींचं सांगितलं: आमच्या घरी कांड्या भरणारे माझे मामा या नाटकात बारा वर्षं सखी होते, त्यांना वाचता येत नाही, पण सगळं नाटक पाठ आहे. हे नाटक ते कितीतरी वर्षं शिकवत होते, त्यातला शब्द न् शब्द त्यांना फोड करून सांगता येत होता. पण त्यांनी ते रंगभूमीवर कधी पाहिलेलं नव्हतं. ते मोठे होईपर्यंत कंपन्या संपल्या होत्या. मी येऊ का एकदा तुमच्याकडे, त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले, आणि घरी पोचेपर्यंत मायला काय सांगायचं याचा विचार करत राहिले.

मायला मी सांगितलं की सर बाबांना भेटायला येणार आहेत. पुढच्या रविवारी सायकल गल्लीत शिरली तेव्हा शेजारपाजार दारात आला. बाबांनी मागावरून उठून नमस्कार केला, धुतलेली सतरंजी अंथरली, आणि त्यानंतर काय बोलावं हे न सुचल्याने सरांना माग दाखवला. सरांनी मन लावून पाहिला, काठाचं रेशीम बोटाने चाचपलं. चहा झाला. मग ते म्हणाले की मामांना भेटायचं होतं. स्वयंपाकघरात एक भांडं पडलं.

मामाजी आधी काही केल्या बोलेनात. सरांनी तिसरा अंक काढून सखीचं एक वाक्य वाचलं आणि मुद्दाम अर्ध्यावर थांबले. मामाजींच्याने राहवेना. त्यांनी ते पुरं केलं. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. सर पुस्तकात बघत होते आणि मामाजी भिंतीकडे. राणी मूर्च्छित होते त्या जागी मामाजी उठून उभे राहिले, दोन्ही हात कपाळाशी नेले आणि म्हणाले, "हे अवलोकन करून मी किती कर्तव्यमूढ झाले आहे!"

माझं बोट पुस्तकावर होतं. तिथे 'किंकर्तव्यमूढ' असं छापलेलं होतं. काय करावं ते न सुचलेली. मालकाने म्हटलेलं किंकर्तव्य विणकराच्या पोराला 'किती कर्तव्य' ऐकू आलं होतं, आणि बारा वर्षं, गावोगाव, तसंच बोललं गेलं होतं. मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं होतं. ते फक्त म्हणाले, वा. पुन्हा एकदा म्हणाल? मामाजींनी पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा मोठ्याने.

नंतर सायकलपर्यंत पोचवायला गेले तेव्हा मी सरांना विचारलं, तुम्ही दुरुस्त का केलं नाही? ते म्हणाले, "मला त्या वेळी तो शब्द नको होता. ते जे करत होते ते बघायचं होतं."

जाण्याआधी सरांनी आणखी एक गोष्ट केली होती. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात या तिसऱ्या अंकातला एक प्रवेश करावा, मामांनी तो बसवावा आणि सखीचं काम मी करावं, असं त्यांनी बाबांसमोर मांडलं. बाबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. माय तिथून बाहेर आली, पदर नीट केला आणि सरांना हात जोडून म्हणाली की आमच्या घरातून एक माणूस नाटकात गेलं, तेवढं पुरे झालं. सर नमस्कार करून निघाले.

चार दिवस घरात तणाव होता. मी रडले, जेवले नाही, मायवर त्याचा काही परिणाम झाला नाही. मामाजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की माझ्यापायी मायशी भांडू नको. पाचव्या दिवशी दुपारी बाबांनी माग थांबवला. "पोरगी राजाचं पुस्तक वाचून राहिली," ते मायला म्हणाले. "परीक्षा आहे तिची. समजत नाई तिले. तुह्या भावाले समजते. शिकवू दे." पुन्हा माग सुरू झाला. मायने सगळी दुपार तांदूळ निवडले. संध्याकाळी मला म्हणाली की ती स्वतः येऊन बघेल, आणि काही वावगं दिसलं तर तिथूनच उठवून आणेल.

तालमी कॉलेजच्या एका रिकाम्या वर्गात होत. मामाजी धुतलेला सदरा आणि टोपी घालून माझ्याबरोबर पायी येत. राणीचं काम धंतोलीची एक मुलगी करत होती, जिला सगळे शब्द येत होते आणि हात कुठे ठेवायचे ते येत नव्हतं. तिला मामाजी 'राणीसाहेब' म्हणत आणि तीही त्यांना नमस्कार करून उभी राहायला लागली. माझ्या ण साठी मामाजींनी सुपारीचं खांड आणलं. ते जिभेच्या टोकाखाली धरून बोलायचं, म्हणजे जीभ आपोआप वर वळते. मालकाने त्यांना असंच शिकवलं होतं. दोन आठवडे मी घरी सुपारी तोंडात धरून आपण, प्राण, क्षण म्हणत हिंडले. शेजारच्या काकूंनी मायला विचारलं, पोरीच्या दातात काही झालं का.

शब्दांचे अर्थ सर सांगत, त्यांचं काय करायचं ते मामाजी. कधी दोघांचं जुळत नसे. एकदा सर म्हणाले, या वाक्यात सखी राणीला दोष देते आहे. मामाजी म्हणाले, दोष देत असती तर मालकाने बसून बोलायला नसतं लावलं. बसून बोलते ती बाई समजूत घालते. सरांनी पुस्तक पुन्हा वाचलं आणि समासात काहीतरी लिहिलं. मी मात्र तेव्हापासून कुठलंही अवघड वाक्य आलं की आधी हेच विचारायला लागले: बोलणारा उभा आहे की बसलाय, कोणाकडे बघतोय, त्याला जायचंय की थांबायचंय. तेवढं कळलं की निम्मे शब्द आपले आपणच वाट देत. उरलेले मग कोशात शोधायला माझी हरकत नव्हती.

संमेलन दुपारचं होतं. कॉलेजच्या सभागृहात बायकांसाठी डाव्या बाजूला बाकं होती. माय तिथे शेवटच्या रांगेत, मधल्या वाटेजवळ बसली. उठून यायला सोपं पडावं म्हणून. मामाजी विंगेत उभे होते. मला ओळी आठवत होत्या. राणी रडायला लागली, मी पुढे झाले, हात तिच्या खांद्याजवळ नेला आणि थांबवला. सगळं ठीक गेलं असं म्हणणार नाही. माझा पदर एका खिळ्यात अडकला आणि एक वाक्य मी दोनदा म्हटलं. पण कोणी हसलं नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा सरांनी मामाजींना हाताला धरून पुढे आणलं. ते मधोमध उभे राहिले, आणि प्रेक्षकांना पाठ न दाखवता मागे मागे विंगेत गेले.

घरी आम्ही चालत निघालो. मी, माय आणि मामाजी. तलावाच्या बाजूने आलो तेव्हा तिने मामाजींकडे न बघता विचारलं, "दादा, माय मेली तवा तू कोन्तं नाटक करत होता?"

"हेच," मामाजी म्हणाले.

"पत्र नाई भेटलं तुले?"

मामाजी थांबले. मग त्यांनी जे सांगितलं ते बावीस-तेवीस वर्षांत त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. मुक्काम खांडव्याला होता. पत्र आलं, ते मालकाने वाचलं आणि खिशात ठेवलं. सखीचं काम दुसऱ्या कोणाला येत नव्हतं आणि पुढचे खेळ लागलेले होते. मुक्काम उठला त्या दिवशी मालकाने पत्र वाचून दाखवलं. मामाजींना अक्षर येत असतं तर पत्र त्यांच्या हातात पडलं असतं. ते त्याच दिवशी गाडीत बसले. घरी आले तर तेरावं होऊनही बरेच दिवस झाले होते, आणि मायने दार उघडून तोंड फिरवलं होतं.

"काहून नाई सांगतलं गा?" माय म्हणाली.

"तू बोलतच नोहती."

तिने पदराने तोंड पुसलं. आम्ही पुन्हा चालायला लागलो. मी त्यांच्या मागून दोन पावलं अंतर ठेवून चालत होते. पुढे काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, आणि मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. घर जवळ आलं तेव्हा मायने त्यांच्या हातातली टोपी आणि पंच्याची पिशवी स्वतःकडे घेतली होती.

वार्षिक परीक्षेत मला मराठीत पहिला वर्ग मिळाला नाही, पण चांगले गुण मिळाले, आणि नाटकावरचा प्रश्न मी सगळ्यांत आधी सोडवला. पुढे बी. ए. झाले आणि काटोलला शाळेत शिक्षिका म्हणून लागले. सरांची पुढच्याच वर्षी दुसऱ्या गावी बदली झाली. जाताना त्यांनी त्यांची स्वतःची नाटकाची प्रत मला दिली. समासात त्यांच्या बारीक अक्षरात शब्दांचे अर्थ होते आणि तिसऱ्या अंकापासून पुढे पेन्सिलीने, मामांच्या म्हणण्याप्रमाणे, अशी सुरुवात करून लिहिलेल्या टिपा.

घरात एक बदल झाला तो संमेलनानंतर आठवड्याभरातच. आम्ही एकच प्रवेश केला होता, आणि तो राणी वनात निघते तिथे संपत होता. एका दुपारी माय मागावर काठ जोडत बसली होती. तिने विचारलं, त्या राणीचं पुढे काय झालं. मी पुस्तक आणायला उठले तर ती म्हणाली की पुस्तक नको, दादाला येतं ना. मग मामाजींनी चरखा तिच्या जवळ ओढला आणि राणीची गोष्ट आपल्या वऱ्हाडीत सांगायला सुरुवात केली. मध्येच जुन्या ओळी येत, तेव्हा त्यांचा आवाज बदले. पाच अंक संपायला चार दुपारी लागल्या. शेवटी राजाने राणीची क्षमा मागितली तेव्हा मायने दोरा तोडला आणि म्हणाली, एवढं सगळं होऊन ही बाई परत गेली कशी. मी नसते गेले. मामाजी म्हणाले की नाटकात जावंच लागतं. त्यावर दोघं बहीणभाऊ संध्याकाळचा दिवा लागेपर्यंत भांडत बसले होते.